झग्याच्या अस्तरातली नावं

हे प्रकरण मी लांबून पाहिलेलं नाही. ज्या झग्यावरून ते घडलं तो मीच शिवला होता, आणि ज्या दारात घडलं त्या दारात मीच उभा होतो. मी शिंपी आहे. साक्री तालुक्यातल्या एका लहान ख्रिस्ती मंडळीचा पंचही आहे. गावाचं नाव देत नाही, माणसांचीही नाही. बाकी जे झालं ते जसंच्या तसं लिहितो, कारण आमच्यासारख्या मंडळ्या धुळे-नंदुरबारकडे बऱ्याच आहेत आणि असे ओटेही बरेच आहेत.

त्या रविवारी काय झालं

नवे पाळकसाहेब, म्हणजे पाद्री, आल्यानंतरचं ते पहिलंच प्रभुभोजन होतं, म्हणजे ख्रिस्ताच्या शेवटच्या भोजनाची आठवण म्हणून भाकर आणि पेला घेण्याचा विधी. आमच्याकडे एरवी पाळक साध्या पांढऱ्या शर्टात उपासना घेतात. झगा निघतो तो प्रभुभोजनाला, बाप्तिस्म्याला आणि लग्नाला. जुना झगा पिवळा पडला होता, मुंढ्यात विरला होता. गावातल्या एका जुन्या, सुस्थितीतल्या कुटुंबाने नवा द्यायचं ठरवलं. कापड त्यांचं, शिलाई त्यांची. अट एकच होती: गळ्यातल्या पट्ट्याच्या दोन्ही टोकांवर त्यांच्या आजोबांचं नाव जरीच्या धाग्याने काढायचं, खाली 'स्मरणार्थ' लिहायचं. देवळातल्या, म्हणजे आमच्या चर्चमधल्या, पंख्यांवर, बाकांवर, घड्याळावर अशी नावं आहेतच. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. दोन रात्री बसून मी ते नाव काढलं आणि काम चांगलं झालं म्हणून मनात सुखावलोही.

उपासना सुरू झाल्यावर पाड्यावरची एक बाई दारात आली. ती कुटुंबं दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत जातात, बारडोलीच्या बाजूला. मुकादमाची उचल घेतलेली असते, त्यामुळे हंगाम संपेपर्यंत परतता येत नाही. ही मधेच आली होती, कारण पोराचा ताप उतरत नव्हता. पहाटे ट्रकने फाट्यावर सोडलं, तिथून ती तडक देवळात आली. लुगडं उसाच्या चिकट्याने काळं पडलेलं, पायात काही नाही, कडेवर पोर.

मी म्हणालो, "ताई, आज ओट्यावरच बस. पाळकसाहेबांचा नवा झगा आहे, पोराचे हात लागतील. तुझं भोजन मी बाहेर आणून देतो."

आवाज चढवला नव्हता. तिला पाणीही दिलं. त्या वेळी मला वाटलं की मी तिची सोयच पाहतोय.

पेले आम्ही माणसं मोजून भरतो. तिला दारात पाहिलं तेव्हा मी हळूच एक पेला वाढवायला सांगितलं होतं. भोजन झालं, शेवटचं गीत झालं, आणि तबकात एक पेला भरलेला राहिला. मी ओट्यावर गेलो तर ती निघून गेली होती.

संध्याकाळी पाळकसाहेब दुकानात आले. त्यांनी एवढंच विचारलं, "तो पेला कोणाचा होता, काका?"

मंडळी कशी आहे

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत स्कॅन्डिनेव्हियातून आणि अमेरिकेतून आलेले मिशनरी पश्चिम खानदेशात फिरले. नंदुरबार, नवापूर, धुळ्याकडे शाळा, दवाखाने, मंडळ्या उभ्या राहिल्या. तेव्हा नंदुरबार वेगळा जिल्हा नव्हता, तो १९९८ मध्ये झाला. आमच्या मंडळीत आज ३७ कुटुंबं आहेत. निम्मी गावातली: शिक्षक, परिचारिका, एसटीतून निवृत्त झालेले, माझ्यासारखे दुकानवाले. निम्मी पाड्यावरची, भिल्ल आणि मावची आदिवासी. नियम कोणी केलेला नाही, पण बसायच्या जागा ठरलेल्या आहेत. पुढचे बाक गावाचे, मागच्या सतरंज्या पाड्याच्या. पंच कमिटीत पाड्यावरचं कोणी कधीच नव्हतं. कारण विचारलं की उत्तर तयार असे: ते लोक सहा महिने गावात नसतात.

बायबलमधल्या याकोबाच्या पत्रातला दुसरा अध्याय मला तोंडपाठ आहे. सभेत सोन्याच्या अंगठ्या घातलेला माणूस आला तर त्याला चांगली जागा देता, आणि मळक्या वस्त्रांतला गरीब आला तर खाली बसवता, असं तो विचारतो. मी त्यावर रविवारच्या शाळेत मुलांना शिकवलंय. पाठ असलेलं वचन दारात उभ्या माणसाला आठवेलच असं नाही.

चाळीस दिवस

पाळकसाहेबांनी मला रागावलं असतं तर एका दिवसात विषय संपला असता. त्यांनी वेगळंच काम दिलं. पुनरुत्थानाच्या सणाआधीच्या चाळीस दिवसांत दर बुधवारी बायबलमधल्या निर्गमाचा २८ वा अध्याय घ्यायचा, म्हणजे मोशेचा भाऊ आणि पहिला महायाजक अहरोन याच्या याजकीय वस्त्रांचा. एक बुधवार गावात, एक पाड्यावर. "वचन मी सांगेन, शिवण तुम्ही सांगा," असं ते म्हणाले.

पहिल्याच बुधवारी तरुणांनी हरकत घेतली. ख्रिस्ताच्या मरणाच्या वेळी मंदिराचा पडदा फाटला, ख्रिस्त हाच आपला महायाजक, मग अहरोनाचा झगा उघडून काय करायचं? इब्री लोकांस पत्र तर त्या सगळ्याला छायाच म्हणतं. हरकत खरी होती, आणि पाळकसाहेबांनी ती मान्य केली. मी मात्र माझ्या धंद्यातलं सांगितलं. आम्ही आधी कागदावर कटिंग काढतो. कागद कोणी अंगात घालत नाही. पण कागद नीट पाहिला नाही तर कापड वाया जातं. ख्रिस्ताने काय अंगावर घेतलं ते कळायला हा कागद उलगडावा लागेल, असं मला तेव्हा वाटलं आणि आजही वाटतं.

दुसरा बुधवार पाड्यावर होता. तिथे त्या दिवसांत म्हातारे आणि शाळकरी मुलंच. 'तलम सणाचं कापड' (सण म्हणजे तागासारखं दोराचं झाड) हे शब्द आले तेव्हा एक आबा हसले. "सणना ते दोर व्हतस," म्हणाले, "कपडा कसा व्हई?" त्यांनी आयुष्यभर सण आणि अंबाडी सोलून बैलांचे कासरे वळलेत. पाळकसाहेबांनी खुलासा केला की मूळ कापड जवसाच्या झाडाच्या सालीपासून होतं. आपण जवस चटणीसाठी आणि तेलासाठी पेरतो, मिसर देशात, म्हणजे इजिप्तात, त्याचं सूत काढत. झाड पाण्यात कुजवायचं, वाळवायचं, झोडपायचं, विंचरायचं, मग धागा. आबांनी मान हलवली. म्हणजे काम दोरवाल्याचंच. याजकाच्या वस्त्राची सुरुवात कुजवलेल्या पेंढीपासून होते ही गोष्ट मी इतकी वर्षं कापडात राहून कधी मनात आणली नव्हती.

रंगांचंही तसंच. निळा आणि जांभळा समुद्रातल्या शंखांच्या जिवांपासून, किरमिजी एका बारीक किड्यापासून. आपला 'किरमिजी' हा शब्दच त्या किड्याच्या फारशी नावावरून आलाय. मोशेच्या नियमशास्त्राने विटाळाचे म्हणून ठेवलेले जीव, आणि त्यांचाच रंग परमपवित्रस्थानाच्या पडद्याला आणि महायाजकाच्या अंगावर. यावर पाळकसाहेबांनी फार ताणलं नाही, मीही ताणत नाही. पण पाड्यावर ते ऐकताना बायका एकमेकींकडे पाहत होत्या.

खरा गुंता सुटला तो ऊरपटावर. ऊरपट म्हणजे एक वीत लांब, एक वीत रुंद, दुहेरी घडीचा चौकोन. त्यावर तीन-तीनच्या चार रांगांत बारा रत्नं, दर रत्नावर इस्राएलाच्या एका वंशाचं नाव. शिवाय एफोदाच्या, म्हणजे महायाजकाच्या झग्यावरच्या वस्त्राच्या, दोन्ही खांद्यांवर एकेक गोमेद, त्यावर सहा-सहा नावं. मला शिंपी म्हणून पहिला प्रश्न पडला तो वजनाचा. बारा दगड सोन्यात जडवून छातीवर टांगले तर गळा ओढला जाणार. म्हणून तर मजकुरात गळ्याला विणलेली कड सांगितली आहे, फाटू नये म्हणून, आणि ऊरपट सोन्याच्या साखळ्यांनी खांद्यांना अडकवलाय. भार सगळा खांद्यावर. खालून निळ्या फितीने बांधलाय, कारण चालताना तो छातीपासून सुटता कामा नये. खांद्यावर उचललेलं ओझं आणि काळजाशी बांधलेलं नाव एकाच साखळीने जोडलेलं आहे. ज्याने हे कापलं असेल त्याला माणूस कसा चालतो, कसा वाकतो हे माहीत होतं.

पाळकसाहेबांनी दोन गोष्टी दाखवल्या ज्या माझ्या नजरेतून सुटल्या होत्या. खांद्यावरचे दोन्ही मणी एकाच जातीचे आहेत. यहूदाला माणिक आणि दानाला गारगोटी असं नाही. छातीवर मात्र दर वंशाला निराळं रत्न. म्हणजे देवापुढे उचलताना सगळे सारखे, आणि जीव लावताना जो तो वेगळा. दुसरी गोष्ट, खांद्यावरच्या नावांचा क्रम मजकूर स्वतःच सांगतो: जन्माच्या क्रमाने. मोठा वंश, श्रीमंत वंश, लढाऊ वंश असा क्रम नाही.

आणि ती नावं कशासाठी? स्मरणासाठी. हाच शब्द मी पट्ट्यावर जरीने काढला होता. फरक एवढाच की अहरोनाच्या खांद्यावरचं स्मरण देवापुढे होतं, जिवंत माणसांचं होतं आणि सगळ्यांचं होतं. वस्त्र कोणी दिलं ते त्यावर कुठेच लिहिलेलं नाही. सोनं लोकांनी आणलं, सूत बायकांनी कातून आणलं. बसालेल आणि अहलियाब या कारागिरांची नावं ग्रंथात आहेत, वस्त्रावर नाहीत.

घंटा आणि डाळिंबं, मंदील, कपाळावरची सोन्याची पाटी यांवरही बोलणं झालं. ते इथे सोडतो. पण जखऱ्या संदेष्ट्याच्या पुस्तकाचा तिसरा अध्याय सोडवत नाही. तिथे महायाजक यहोशवा परमेश्वराच्या दूतासमोर उभा आहे आणि त्याची वस्त्रं मळकी आहेत. सैतान त्याच्यावर आरोप करायला उजवीकडे उभा. दूत काय म्हणतो? त्याच्या अंगावरची मळकी वस्त्रं काढा, याला उत्तम वस्त्रं घाला. मळक्या कपड्यांनी आलेल्या त्या माणसाला कोणी ओट्यावर बसवलं नाही. मी त्या दिवशी वाचन करत होतो. ती ओळ वाचून मला पुढे वाचवेना. पाळकसाहेबांनी पुस्तक घेतलं आणि अध्याय पुरा केला. त्या रात्री मी सगळ्यांसमोर उठून दारात काय केलं ते सांगितलं. काही जणांना ते ठाऊकच नव्हतं. काही जणांना ठाऊक होतं आणि त्यात सांगण्यासारखं काय, असं वाटत होतं. या दुसऱ्यांकडे पाहून मला आमच्या आजाराची खोली कळली.

रजिस्टर

होळीच्या सुमारास पाडा भरला. पुढचा बुधवार तिथे होता, खांद्यावरच्या नावांची उजळणी होती. ती बाईही आली होती, पोर बरं होतं. माझ्याशी बोलली नाही. बारा वंशांची नावं म्हणून झाली तेव्हा तिने पाळकसाहेबांना विचारलं, "आम्हनं नाव बी शे का त्यामा?"

पाळकसाहेबांनी लगेच गलतीकरांस पत्रातलं वचन सांगितलं असतं: ख्रिस्तात बाप्तिस्मा झालेल्या सगळ्यांनी ख्रिस्ताला परिधान केलंय. ते त्यांनी सांगितलंही, पण नंतर. आधी ते म्हणाले, "बघून सांगतो." दुसऱ्या दिवशी देवळाच्या लोखंडी कपाटातून बाप्तिस्म्याचं जुनं रजिस्टर काढलं. कसर लागलेलं, शाई तपकिरी झालेली. जन्माच्या क्रमाने नावं लिहायची तर आमच्या मंडळीत जन्म म्हणजे बाप्तिस्मा. त्या क्रमाने यादी केली. पहिली तीन नावं पाड्यावरची निघाली. तिच्या सासरचं घराणं चौथं. झगा देणारं कुटुंब अकरावं. माझे आजोबा सतरावे.

आम्ही इतकी वर्षं त्यांना नवे लोक म्हणत होतो.

उसवणं

पंच कमिटीत पट्ट्यावरच्या नावाचा विषय निघाला. पाळकसाहेबांचं म्हणणं होतं की नाव उसवू नये, बाकीची ३६ नावं घालावीत. पट्ट्यावर तेवढी जागा नव्हती. तरुणांचं म्हणणं, झगाच नको, खादीचं उपरणं घ्या. रोमन कॅथलिकांना भारतात १९६९ पासून अंगवस्त्राची मुभा आहे, मग आपल्याला काय अडचण? पाळकसाहेबांनी एक माहिती दिली: पाश्चात्त्य चर्चमधला पायघोळ पांढरा झगा हाही मुळात रोमी माणसाचा रोजचा पेहराव, लोकांची फॅशन बदलली आणि चर्चमध्ये तो राहिला. म्हणजे पवित्र असं कापडात मुळातून काही नव्हतं. वाद दोन बैठका चालला. शेवटी माझ्याच मनात गोधडी आली. झग्याला आतून अस्तर होतंच. ते काढायचं आणि त्या जागी ३७ घरांतून एकेक जुन्या कापडाचा तुकडा जोडून नवं अस्तर करायचं. दर तुकड्यावर धावदोऱ्याने घराचं नाव. क्रम रजिस्टरचा, खांद्यापासून खाली. बाहेरून झगा कोरा पांढरा.

जरीचं नाव मी स्वतः उसवलं. आधी त्या कुटुंबाकडे जाऊन सांगितलं. घरातली मोठी आजी शांत राहिली, मुलगा चिडला. "आम्ही दिलेलं दान तुम्ही फाडता," म्हणाला. मी त्याला दोष देत नाही. जरीने नाव भरायला होकार मी दिला होता, पैसेही मी घेतले होते. आता ते चूक आहे हे त्याला सांगायला मीच गेलो, यात त्याला अन्याय दिसला तर नवल नाही. ते कुटुंब पाच महिने देवळात आलं नाही. ऑगस्टमध्ये आजीने तिच्या लुगड्याच्या काठाचा तुकडा नातीच्या हाती पाठवला. मुलगा अजून येत नाही. त्याच्या दुकानावरून जाताना मी थांबतो, सलाम करतो, तोही करतो. तेवढंच.

तुकडे आणायचे तर ३७ घरी जावं लागलं, आणि पाड्यावरच्या किती घरांत मी कधी गेलोच नव्हतो हे तेव्हा कळलं. एका घरून धोतराचा तुकडा, एका घरून शाळेच्या गणवेशाचा, एका घरून कापूस वेचताना कमरेला बांधायच्या फडक्याचा. टाके पाड्यावरच्या आणि गावातल्या बायकांनी माझ्या दुकानात बसून घातले. सुरुवातीला दोन्ही गट आपापल्या भिंतीला टेकून बसत. पण गोधडीचं अस्तर एवढं मोठं असतं की ताणून धरायला समोरून हात लागतातच.

पुढे काय बदललं, काय नाही

झगा जड झाला. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४४ वर जातो, त्या महिन्याच्या प्रभुभोजनाला पाळकसाहेब घामाने निथळत होते. कोणी म्हणालं अस्तर उन्हाळ्यापुरतं काढता येईल असं करा, बटणं लावा. मी ते करून देऊ शकलो असतो. पाळकसाहेब नको म्हणाले.

पेत्राच्या पहिल्या पत्रात सगळ्या विश्वासणाऱ्यांना याजकगण म्हटलंय. तेव्हा नावं एकट्या पाळकाच्या खांद्यावर का, हा प्रश्न पाड्यावरच्याच एका तरुणाने काढला. त्यातून प्रत्येक घराला दुसऱ्या एका घराचं नाव नेमून दिलं: त्यांच्यासाठी प्रार्थना, आणि महिन्यातून एकदा त्यांच्या घरी जाणं. काही जोड्या छान जमल्या. एक निवृत्त परिचारिका आता दर शुक्रवारी पाड्यावर जाऊन मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांचा रक्तदाब तपासते. काही जोड्या फसल्या. एका शिक्षकांनी नेमून दिलेल्या घरी जुन्या कपड्यांचं गाठोडं नेलं. त्या घरच्या बाईने ते परत पाठवलं. जिच्या साडीचा तुकडा पाळकाच्या अंगावर आहे तिला उतरलेले कपडे देताना आपण काय करतोय हे त्यांना कळलं नाही. समजावल्यावर वाईट वाटलं, पण ते अजून त्या घरी परत गेलेले नाहीत. कलस्सैकरांच्या पत्रात करुणा, ममता, सौम्यता, लीनता 'धारण करा' असं सांगितलंय, कपड्यासारखी. नवं कापड अंगाला लगेच बसत नाही हे मला धंद्यामुळे माहीत आहे. दोन धुण्यांनंतर आटतं, कुठे तरी ओढतं, मग पुन्हा माप घ्यावं लागतं.

पंच कमिटीत आता पाड्यावरचे दोघे आहेत, त्यांतली एक बाई. बैठका हंगामाआधी आणि हंगामानंतर घ्यायच्या असं ठरलं. बाक आणि सतरंज्या मात्र अजून बऱ्याचशा तशाच आहेत. सवय म्हणून पाड्यावरचे लोक स्वतःच मागे जाऊन बसतात, आणि पुढे या म्हटलं की संकोचतात. याला काय करावं हे आम्हांला सुचलेलं नाही.

दिवाळीनंतर कुटुंबं निघाली त्या रात्री पाळकसाहेब फाट्यावर आले, झगा घालून. एरवी तो देवळाबाहेर जात नाही. ट्रकच्या दिव्यांच्या उजेडात त्यांनी रजिस्टरच्या क्रमाने घरांची नावं घेऊन प्रार्थना केली. ती बाई ट्रकमध्ये चढताना मागे वळली, आणि पोर माझ्याकडे दिलं. ती वर चढून बसेपर्यंत त्याने माझी कॉलर धरून ठेवली होती. मग मी त्याला वर दिलं.

नाताळानंतरच्या रविवारी पडावावर, म्हणजे त्यांच्या ऊसतोडीच्या मुक्कामी, प्रभुभोजन न्यायचं ठरलंय. किती माणसं आहेत ते फोनवर विचारून पेले मोजून घ्यायचं काम मी मागून घेतलंय.